स्वॅप विभाग काढून मूळ फाइलव्यवस्था वाढविणे : फ्रीबीएसडी संगणकावरील जागेचा हिशेब

जसोंडी आणि आसपासच्या गावांतील बायकांच्या ओव्या, केळीच्या बागेतील कामाचे शब्द आणि जुन्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम माझे विद्यार्थी व मी काही वर्षांपासून करीत आहोत. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील मराठीला एका बाजूने खानदेशाचा शेजार आहे, तर दुसऱ्या बाजूने निमाडीचा. अशा सीमेवरच्या बोलीचा खरा पुरावा तिच्या उच्चारात असतो. तो कागदावर पुरता उतरत नाही, म्हणून मूळ आवाज जपावा लागतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचा जो एक लाखाहून मोठा संग्रह उभा केला, त्यातही शब्दांच्या लेखनाबरोबर ध्वनिमुद्रणाला स्थान आहे. आमचे काम त्या मानाने फारच लहान. परंतु जपणुकीची जबाबदारी लहान कामातही तेवढीच असते.

ही जबाबदारी एका संध्याकाळी आमच्याकडून पाळली गेली नाही. आमचा संग्रह भाड्याने घेतलेल्या एका दूरस्थ संगणकावर असतो. त्यावर फ्रीबीएसडी नावाची कार्यप्रणाली आहे. एका माजी विद्यार्थ्याने ती बसवून दिली होती. त्या संध्याकाळी एका विद्यार्थिनीने गावातील एका आजींच्या ओव्यांचे मुद्रण तेथे चढविले. यादीत फाइलचे नाव दिसले. काम झाले असे समजून तिने फोनमधील प्रत पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी मी ती फाइल उघडली, तर तिचा आकार शून्य होता. डिस्क भरलेली होती. नाव नोंदण्यापुरती जागा होती, आवाज ठेवण्याची नव्हती. आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. त्यांनी आनंदाने ओव्या म्हटल्या, पण त्या वेगळ्या होत्या. आदल्या दिवशीच्या काही आता आठवत नाहीत, असे त्या म्हणाल्या. चूक विद्यार्थिनीची नव्हती. डिस्क किती भरली आहे हे पाहण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते.

त्यानंतर डिस्क वाढविताना जे शिकलो, ते साहित्याच्या अभ्यासकांना समजेल अशा मराठीत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत व संस्थांत आता असे संग्रह होत आहेत. तेथे संगणकाचा जाणकार नेहमी हाताशी असतोच असे नाही.

फ्रीबीएसडीची ओळख

अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युनिक्स या कार्यप्रणालीची जी शाखा वाढली, तिला बीएसडी म्हणतात. फ्रीबीएसडी हे त्या शाखेचे आजचे एक रूप असून त्याची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आहे आणि तिचा मूळ संगणकीय मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो. तिचे नाव ऐकले नसले तरी तिच्याशी आपला संबंध येऊन गेलेला असू शकतो. संस्थांच्या इंटरनेट-जोडणीवर पहारा ठेवणाऱ्या पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या प्रणाली फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत. फाइली साठविण्यासाठी वापरली जाणारी ट्रूनॅस कोअर हीसुद्धा त्याच घरातली. प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राच्या आतील प्रणालीही फ्रीबीएसडीवरूनच घडविली आहे. पुढे सांगितलेले तत्त्व या कुळातील प्रणालींना सारखेच लागू पडते.

जमीन, खसरा आणि मशागत

डिस्क ही एक लांबच लांब जमिनीची पट्टी आहे असे समजावे. तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमांक घातलेले लहान लहान तुकडे असतात. एका तुकड्यात सहसा ५१२ बाइट मावतात. म्हणजे एका जीबीत असे २०,९७,१५२ तुकडे होतात. या पट्टीचे विभाग पाडलेले असतात. अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंत पहिला विभाग, त्यापुढे दुसरा, अशी नोंद एका तक्त्यात असते. त्याला विभाग-तक्ता म्हणू.

हा तक्ता म्हणजे पटवाऱ्याकडचा खसरा. पलीकडे रावेरला त्याला सातबारा म्हणतील आणि तलाठ्याकडे जातील, इकडे आपण पटवाऱ्याकडे जातो, काम एकच. शेत कोठून कोठपर्यंत आहे एवढेच त्यात लिहिलेले असते, पीक काढण्याचे काम तो कागद करीत नाही. प्रत्यक्ष मशागत फाइलव्यवस्था करते. कोणती फाइल कोठे ठेवली, कोणता तुकडा रिकामा, कोणता भरलेला, हा सारा हिशेब तिच्याकडे असतो. फ्रीबीएसडीतील यूएफएस ही फाइलव्यवस्था मार्शल कर्क मॅकक्युसिक यांनी बर्कलीत केलेल्या कामातून आली; १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत तिचे आधीचे रूप लोकांपुढे आले.

खसरा आणि मशागत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. खसऱ्यात शेत मोठे झाले म्हणून नवीन जमिनीत आपोआप केळी उभी राहत नाही. तसेच विभाग वाढविला तरी फाइलव्यवस्था वाढत नाही. ती दुसऱ्या आज्ञेने वाढवावी लागते. आणि खसऱ्यात नोंद होण्याआधी मशागत सुरू करता येत नाही, म्हणून क्रमही उलटा करता येत नाही.

स्वॅप विभाग कशासाठी

संगणक जे काम हाती घेतो ते मेमरीत, म्हणजे रॅममध्ये ठेवतो. मेमरी वेगवान पण मर्यादित असते. ती भरत आली की जो मजकूर बराच वेळ कोणी वापरलेला नाही, तो डिस्कवरील एका राखीव विभागात नेऊन ठेवला जातो आणि गरज पडली की परत आणला जातो. या नेण्या-आणण्याला स्वॅप म्हणतात. टेबलावर जागा नसली की पुस्तके शेजारच्या स्टुलावर ठेवावीत, तसा हा प्रकार. स्टुलावरील पुस्तके कायमची साठविलेली नसतात. विद्युतप्रवाह बंद झाला की स्वॅपमधील मजकुराला अर्थ राहत नाही. म्हणून हा विभाग काढून टाकता येतो. त्यात आपली एकही फाइल नसते.

मात्र त्याचे आणखी एक काम आहे. प्रणाली एकाएकी कोसळली, तर त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल बहुधा याच विभागात उतरविली जाते आणि नंतर तिच्यावरून कारण शोधता येते. शिवाय मेमरी संपली आणि स्वॅपही नसला, तर प्रणाली एखादा चालू कार्यक्रम मारून टाकते. म्हणून स्वॅप हटवावा तो पुन्हा दुसरीकडे देण्याच्या तयारीनेच.

अडचण कोठे येते

फ्रीबीएसडी बसविताना यूएफएस निवडले तर साधारणपणे तीन विभाग पडतात. सुरुवातीला यंत्र चालू करण्यासाठीचा अगदी लहान विभाग, त्यानंतर मोठा मूळ विभाग आणि सर्वांत शेवटी स्वॅप. आमची डिस्क २० जीबीची होती. त्यात सुमारे १८ जीबी मूळ विभाग आणि २ जीबी स्वॅप. सीडीच्या दर्जाच्या, न दाबलेल्या स्टिरिओ मुद्रणाला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. प्रणालीची स्वतःची जागा वजा केली, तर आमच्याकडे वीस-बावीस तासांच्या आवाजापुरतीच जागा होती.

डिस्क भाड्याने देणाऱ्याकडून ती ४० जीबीची करून घेणे सोपे होते. पण वाढीव २० जीबी पट्टीच्या टोकाला, स्वॅपच्या पलीकडे आली. विभाग हा सलग असावा लागतो. मधला स्वॅप ओलांडून मूळ विभागाला पलीकडची जमीन घेता येत नाही. आपले शेत आणि नवीन विकत घेतलेली जमीन यांच्यामध्ये दुसऱ्याचा चिंचोळा तुकडा असावा, तसे हे झाले. तो तुकडा आधी उचलायचा, आपली हद्द पुढे न्यायची आणि मग त्या तुकड्याला अगदी टोकाला जागा द्यायची, हाच उपाय.

कृती

पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात आणि प्रशासकाच्या अधिकाराने द्याव्या लागतात. डिस्कचे नाव ‘डीए०’ आणि विभाग अनुक्रमे १ यंत्रारंभ, २ मूळ, ३ स्वॅप असे धरले आहे. आपल्या यंत्रावर नाव व क्रमांक वेगळे असू शकतात, म्हणून पहिली पायरी कधीही वगळू नये.

१. प्रत आणि पाहणी. संपूर्ण संग्रहाची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढावी आणि ती उघडून, ऐकून पाहावी. मग ‘जीपार्ट शो’ ही आज्ञा द्यावी; विभागांची सुरुवात, लांबी, क्रमांक व प्रकार दिसतात. ते कागदावर उतरवून घ्यावेत. ‘जीपार्ट बॅकअप डीए०’ या आज्ञेने विभाग-तक्त्याचीही लेखी नक्कल मिळते. ती दुसऱ्या संगणकावर ठेवावी.

२. तक्त्याची दुरुस्ती. जीपीटी पद्धतीच्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक डिस्कच्या आरंभी आणि दुसरी अगदी शेवटी. जणू एक पटवाऱ्याकडे आणि दुसरी तहसिलीत. डिस्क मोठी केल्यावर जुना शेवट मध्येच पडतो आणि दुसरी प्रत चुकीच्या जागी राहते. त्यामुळे ‘शो’ आज्ञेच्या उत्तरात तक्ता बिघडल्याचा ‘करप्ट’ हा शब्द दिसतो. तो पाहून घाबरू नये. ‘जीपार्ट रिकव्हर डीए०’ दिले की दुसरी प्रत नव्या शेवटाला लिहिली जाते.

३. स्वॅप रिकामा करणे. ‘स्वॅपइन्फो’ने स्वॅप किती वापरात आहे ते कळते. ‘स्वॅपऑफ /डेव्ह/डीए०पी३’ दिले की त्यातील मजकूर मेमरीत परत आणला जातो आणि विभाग मोकळा होतो. मेमरीत तेवढी जागा नसेल तर आज्ञा नाकारली जाते. अशा वेळी मोठे कार्यक्रम बंद करून पुन्हा द्यावी. कोसळल्यावरची नक्कल याच विभागात उतरविण्याची व्यवस्था असेल, तर ‘डम्पऑन ऑफ’ने ती थांबवावी.

४. नोंद स्थगित करणे. ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमध्ये यंत्र चालू होताना कोणते विभाग जोडायचे ते लिहिलेले असते. त्यातील स्वॅपच्या ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह घालावे. ओळ पुसू नये, ती पुन्हा लागणार आहे. मूळ विभागाच्या ओळीला हात लावू नये.

५. विभाग काढणे. ‘जीपार्ट डिलीट -आय ३ डीए०’. येथे ‘आय’नंतरचा आकडा हा विभागाचा क्रमांक आहे. तो कागदावरील नोंदीशी दोनदा ताडून पाहावा.

६. हद्द वाढविणे. ‘जीपार्ट रिसाइझ -आय २ -एस ३८जी -ए ४के डीए०’. ‘एस’नंतर नवा आकार येतो. तो दिला नाही, तर मूळ विभाग उरलेली सगळी जागा घेतो आणि स्वॅपला काही राहत नाही. ‘ए ४के’मुळे हद्द ४ केबीच्या पटीत येते, आजच्या डिस्कना ते सोयीचे पडते.

७. मशागत वाढविणे. ‘ग्रोएफएस /’. येथील तिरकी रेघ म्हणजे मूळ फाइलव्यवस्था. आज्ञा जुना व नवा आकार दाखवून संमती विचारते; पूर्ण ‘येस’ लिहून उत्तर द्यावे. यूएफएस आपली जागा अनेक गटांत वाटून ठेवते आणि प्रत्येक गटात स्वतःचा हिशेब असतो. ही आज्ञा शेवटचा गट पुरा करते आणि नव्या जमिनीवर नवे गट मांडते. आधीच्या फाइली जागच्या हलत नाहीत. पूर्वी यासाठी फाइलव्यवस्था बंद ठेवावी लागे. २०१४ मध्ये आलेल्या १०.० या आवृत्तीपासून ती चालू असतानाही वाढविता येते.

८. स्वॅप परत देणे. ‘जीपार्ट ॲड -टी फ्रीबीएसडी-स्वॅप -ए ४के डीए०’ या आज्ञेने टोकाला उरलेल्या सुमारे २ जीबीत नवा स्वॅप विभाग तयार होतो. ३ हा क्रमांक मोकळा झालेला असल्याने त्याला तोच मिळतो. एफएसटॅबमधील ‘#’ काढावे आणि ‘स्वॅपऑन /डेव्ह/डीए०पी३’ द्यावे. एफएसटॅबमध्ये क्रमांकाऐवजी विभागाचे नाव लिहिलेले असेल, तर नव्या विभागाला ‘-एल’ या पर्यायाने तेच नाव द्यावे लागते.

९. पडताळणी. ‘डीएफ -एच’ने मूळ फाइलव्यवस्थेचा नवा आकार आणि ‘स्वॅपइन्फो’ने नवा स्वॅप दिसावा. मग यंत्र एकदा बंद करून चालू करावे आणि जुन्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.

सावधगिरीच्या गोष्टी

पाचव्या पायरीवर चुकून ३ ऐवजी २ टंकले तर काय होईल? प्रणाली चालू असताना मूळ विभाग वापरात असतो, त्यामुळे तो काढण्याची आज्ञा सहसा नाकारली जाते. पण हेच काम यूएसबीवरून दुसरी प्रणाली चालू करून केले, तर मूळ विभाग कोणाच्याच वापरात नसतो आणि हा पहारा उरत नाही. यूएसबीवरून काम करणे एरवी अधिक सुरक्षित समजले जाते, कारण चालू फाइलव्यवस्थेखालचा तक्ता बदलावा लागत नाही. मात्र क्रमांकाच्या बाबतीत तेथे दुप्पट सावध राहावे.

तरीही चूक झालीच, तर तेथेच थांबावे. खसऱ्यातील नोंद खोडली म्हणून शेत वाहून जात नाही. विभाग काढल्याने तक्त्यातील ओळ जाते, त्यातील मजकूर लगेच पुसला जात नाही. कागदावर उतरविलेल्या सुरुवातीच्या व लांबीच्या आकड्यांवरून तोच विभाग तसाच पुन्हा मांडता येतो. अट एवढीच की मध्यंतरी त्या जागेवर नवे काही लिहिले गेलेले नसावे. पहिल्या पायरीतील नक्कल कामी येते ती अशा वेळी.

यूएफएस वाढविता येते, परंतु लहान करता येत नाही. ३८ ऐवजी सगळी जागा मूळ विभागाला देऊन बसलात, तर ती परत घेता येणार नाही. तेव्हा स्वॅपसाठी मूळ फाइलव्यवस्थेतच एक मोठी फाइल राखून तिचा स्वॅप म्हणून वापर करता येतो, हा एक मार्ग उरतो.

यूएफएसऐवजी झेडएफएस ही फाइलव्यवस्था असेल, तर विभागांचे काम असेच करावे लागते. पण सातवी पायरी बदलते. ‘ग्रोएफएस’च्या जागी ‘झेडपूल ऑनलाइन -ई’ ही आज्ञा येते व तिच्यापुढे साठ्याचे आणि विभागाचे नाव द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट ‘डीएफ’चे आकडे वाचताना लागते. यूएफएस एकूण जागेपैकी ८ टक्के सामान्य वापरकर्त्यांपासून राखून ठेवते. म्हणून डिस्क १०० टक्के भरलेली दिसली, तरी प्रशासकाला थोडे लिहिता येते आणि आकडा १०० च्या वरही जातो. हा आकडा ८० च्या पुढे गेला की जागेची व्यवस्था पाहावी, असा नियम आता आम्ही स्वतःला घालून घेतला आहे.

शब्दांविषयी थोडे

हा लेख लिहिताना प्रत्येक संज्ञेपाशी थांबावे लागले. पार्टिशनला ‘फाळणी’ म्हटले तर मराठी वाचकाच्या मनात १९४७ उभे राहते. ‘विभाग’ हा साधा शब्द पुरतो. ‘संचिका-प्रणाली’ शुद्ध खरी, पण आमचे विद्यार्थी फाइलच म्हणतात, म्हणून ‘फाइलव्यवस्था’. ‘स्वॅप’ला ‘अदलाबदल’ म्हणून पाहिले. परंतु आज्ञेत ‘स्वॅपऑफ’च टंकायचे असते, आणि वाचलेला शब्द व टंकायचा शब्द यांत अंतर पडले की तेथेच चूक होते. याउलट ‘रूट’ला ‘मूळ’ हा शब्द अगदी बरोबर बसतो, कारण सर्व फोल्डर त्यापासूनच फांद्यांसारखे फुटतात.

पारिभाषिक शब्दाची परीक्षा कोशात होते तशी कामातही होते. हे सगळे मी विद्यार्थ्यांना प्रथम इंग्रजी संज्ञांत सांगितले, तेव्हा त्यांनी आज्ञा पाठ केल्या. खसरा आणि मशागत म्हणून सांगितले, तेव्हा सहावी पायरी झाल्यावर एकाने आपणहून विचारले, “सर, नोंद झाली, पण मशागत अजून बाकी आहे ना?” मला हवा होता तो प्रश्न हाच.

आता आमच्याकडे मुद्रण चढविल्यावर नाव पाहून कोणी समाधान मानीत नाही. फाइलचा आकार पाहिला जातो, ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐकली जाते, दुसऱ्या ठिकाणी तिची प्रत होते आणि मगच फोनमधील प्रत पुसली जाते. आजींच्या दुसऱ्या खेपेच्या ओव्या आता दोन ठिकाणी सुरक्षित आहेत. पहिल्या खेपेची शून्य आकाराची फाइल मी पुसलेली नाही. नव्या विद्यार्थ्यांना काम समजावून सांगताना ती प्रथम दाखवितो.